मशीनीचा पोळा

मोठं माणूस बोलत असताना कान दुसरीकडे ठेवणारी सून हंसाबाईनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ती धाकट्या लखीरामनं आणून दाखवली. कौसल्या सासूसमोर उभी राहायची, ओढणी पुढं ओढायची, दर वाक्याला "हो याडी", म्हणजे हो आई, म्हणायची; पण मान जराशी तिरपी, मशीनीकडे. आपण अर्ध्या बोलण्यात असावं आणि हिनं मधेच जाऊन हवेची चावी फिरवून यावी. हाताला चटके बसतात म्हणून दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या काढून खिळ्याला टांगलेल्या. तांड्यातल्या बायांना हे दिसलं असतं तर कापूस वेचून होईपर्यंत त्यांना दुसरा विषय लागला नसता.

आणि एवढा कान लावूनही शेवटी व्हायचं ते झालंच.

"बारा महिने कान तिकडेच असते तुहा," हंसाबाई म्हणाली. "मंग मशीनीच्या पोटात जळून राह्यलं होतं, तवा कुठं ठेवला होता?"

कौसल्या खाली पाहत राहिली. आज तिची मान तिरपी नव्हती. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पोळा होऊन तिसरा दिवस. लोहाऱ्याच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळं घर जमलं होतं. थोरला उत्तमसिंग आईला घेऊन आर्णीजवळच्या तांड्यावरून पहिल्या एसटीनं आला होता. सोबत त्याची बायको बिजलीबाई, आणि बिजलीबाईसोबत एक मोठं गाठोडं: पीठ, मीठ, तवा, पितळेचं उलथणं. लोहाऱ्याला गेल्यावर आपल्याला कोणी जेवायला विचारेल यावर तिचा तीन वर्षांत एकदाही विश्वास बसला नव्हता.

मधोमध मशीन. वर प्लास्टिकचा दाणा टाकायचं पत्र्याचं नरसाळं, खाली आडवा लोखंडी पाइप, त्याच्या अंगावर हीटरचे पट्टे, पोटात फिरणारा स्क्रू. चालू असली की तोंडातून ऊन प्लास्टिकची मऊ नळी लोंबायची. घरात तिला सगळे सोंड म्हणायचे. सोंड हातभर लांबली की कौसल्या साचा मिटायची, हवा सोडायची, मनात सहा मोजायची आणि साचा उघडायची. आत डोक्याला लावायच्या तेलाची बाटली तयार. यवतमाळच्या तेलवाल्याला आठवड्याला चार पोती बाटल्या जायच्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मशीन थांबवली, शेडला कुलूप घातलं, सगळे तांड्यावर गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्येनं एकटीनं पुढं येऊन कुलूप काढलं तर आत जळका वास कोंडलेला. मोटार लावली. तोंडातून बोटभर काळी जीभ बाहेर आली आणि मशीन बसली, ती उठली नाही.

"म्या पहिलेच सांगतलं होतं," उत्तमसिंग म्हणाला. तो पोत्यांच्या थप्पीवर टेकून उभा होता. "दुसऱ्याच्या घरी म्हातारं झालेलं जनावर आपन दावनीला बांधलं. आता त्याचं करू राह्यलो. चार वाजता नेरचा तेलघाणीवाला येते. जशी आहे तशी नेतो म्हनते. देऊन टाकू."

"देऊन टाकू म्हनजे?" लखीराम म्हणाला. "अन् मी काय करू, भिया?"

"शेतात ये. तुहं नाव सातबाऱ्यावर हाय ना? मी एकटा किती मरू? पऱ्हाटीत कंबरभर गवत झालं. मानसं भेटत नाहीत. अन् तू इथं बाटल्या फुगवून राह्यला."

"बाटल्यावरच मागच्या साली तुहं बियानं आलतं."

"ते नोको काढू."

"तूच काढाले लावतं."

"दोघंबी चूप बसा," हंसाबाई म्हणाली, आणि दोघंही बसले.

उत्तमसिंगचं शेवटचं बोलणं तिला झोंबलं नव्हतं. पहिलं झोंबलं होतं. म्हातारं जनावर. कारण हे जनावर तिनं निवडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नागपूरला एक कारखाना बंद पडला, तिथं लखीराम तिला घेऊन गेला होता. सही येत नाही, आकडे शंभराच्या पुढं लागत नाहीत, पण सासरा लदेणीच्या बैलांवर मीठ लादून दोन नद्या पार करणारा. त्याच्या घरात ती नांदली होती. मालकानं मशीनीला हिरवा रंग फासून ठेवला होता. हंसाबाईनं एकदा भोवती फेरा मारला. "शिंगं रंगवलेला बैल आमच्यात कोनी उभ्याउभ्या घेत नाही," ती म्हणाली. "ओझं लादून चालवून दाखवा." मालकानं हसून दहा बाटल्या काढून दाखवल्या. "धा पावलं त लंगडाबी चालते. दिवस मावळेपर्यंत चालवा." आणि ती एका पालथ्या खोक्यावर बसली. भाकर तिथंच खाल्ली. दुपारनंतर गिअरची पेटी तापून तेल गळायला लागलं, दोन हीटर जाऊन सोंड एका बाजूनं जाड येऊ लागली, आणि मालकाचं हसू गेलं. पेटी दुरुस्त करून, वर चार हीटर आणि एक जास्तीचा साचा पदरात पाडूनच ती उठली. परतीच्या वाटेवर लखीराम म्हणाला होता, "याडी, इंजिनेरबी असं पाहत नाही." हे वाक्य तिनं तांड्यात किती जणांना सांगितलं याची मोजदाद नव्हती.

तेव्हापासून दर अमावस्येला पेटीचं तेल बदलायचं, हा घरचा नेम. जळालेल्या हीटरचा पट्टा सोडवून नवा बसवायला कौसल्या शिकली, साच्याच्या कडा ती मेण लावलेल्या कापडानं पुसायची, आणि मोटारीचा सूर पाव भर जरी खाली आला तरी दाणा ओला आहे म्हणून थांबवायची. हे सगळं हंसाबाईला माहीत होतं. तोंडानं तिनं कधी म्हटलं नव्हतं. सुनेचं कौतुक सुनेच्या तोंडावर करायचं नसतं, मीठ हवेवर ठेवल्यासारखं पाणी सुटतं.

म्हणून दोघांना गप्प केल्यावर तिनं सगळ्यांदेखत बोल दिला. "बबनराव येते. मशीन खोलते. खोट मशीनीत निघाली त मशीन नेरवाल्याले देजा, मी हूं की चूं करनार नाही. अन् खोट चालवनाऱ्यात निघाली त चालवनारा तांड्यावर जाईन निंदन करायले, मशीन इथंच राहीन. बोललं ते बोललं."

तांड्यात तिचा बोल म्हणजे दगडावर ओढलेली रेघ. लखीरामचा चेहरा उतरला. कौसल्येनं एकदा मशीनीकडे पाहिलं, बस.

बबनराव साडेदहाला सायकलीवरून आला. यवतमाळच्या जिनिंगमध्ये तो मेकॅनिक होता. बाजारात मिळतील ती यंत्रं त्यानं आयुष्यभर खोलली होती आणि मिळत नाहीत ते पुर्जे घासून बनवले होते.

"बाई, रामराम," तो म्हणाला. "पोळा कसा झाला?"

"बैलायचा चांगला झाला," हंसाबाई म्हणाली. "हिचा पाहा."

त्यानं सगळे हीटर लावायला सांगितले. तासभर पाइप तापू दिला, घाई केली नाही. मग तोंडाकडचा भाग खोलला. धुराचा एक लोट निघाला, आणि मागून लाकडाचा ठोकळा लावून लखीराम आणि बबनराव ठोकायला लागले. स्क्रू वीत वीत पुढं सरकला. बाहेर आला तेव्हा बिजलीबाई म्हणाली, "व माय, हे त चुलीतलं लाकूड." डांबरासारखी, कोळशासारखी काळी खपली त्याच्या आट्याआट्यांत बसली होती.

"पाह्यलं?" उत्तमसिंग म्हणाला. "आतून सडली होती."

"थांबा जरा, उत्तमसिंगभाऊ," बबनराव म्हणाला. "खपली काढल्याबिगर जखम दिसत नाही. पितळेची पट्टी हाय का? लोखंड नोको, ओरखडे पडतीन."

शेडमध्ये पितळ नव्हतं. लखीराम बाजारात जायला निघाला. तेवढ्यात बिजलीबाईनं गाठोडं सोडलं आणि पितळेचं उलथणं काढून कौसल्येच्या हातात दिलं.

"तू काहून देतं?" उत्तमसिंग म्हणाला.

"चार वाजेपर्यंत तोंड पाहत बसू काय एकमेकायचं? द्या, होऊन जाऊ द्या काय व्हायचं ते."

कौसल्या खाली बसली. एका हातात चिंधी, एका हातात उलथणं. स्क्रू अजून ऊन होता. ती आट्यांच्या वाटेनं खपली सोडवत गेली, गाईच्या खुरातला खडा काढावा तशी, न टोचता. लखीराम समोर बसून फिरवत होता. हंसाबाई खोक्यावर बसून पाहत होती. हाताचं वळण चांगलं होतं. चिमटीत जोर होता पण राग नव्हता. स्वतःला तांड्यावर पाठवणारा निकाल ही बाई स्वतःच्याच हातानं खरवडून काढत होती. खोट मशीनीत निघाली तर मशीन जाणार आणि नाही निघाली तर ही जाणार. तिच्या जागी आपण असतो तर उलथणं जरा तिरपं धरलं असतं, एखादा ओरखडा पडू दिला असता. असं हंसाबाईच्या मनात आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

तासाभरानं पोलाद उघडं पडलं. चकचकीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बबनरावनं अंगठा फिरवला. बॅटरी घेऊन पाइपात डोकावला. उठून हात पुसले.

"नवी नवरी हाय," तो म्हणाला. "कुठं झीज नाही, कुठं वाक नाही. अजून धा वर्सं सहज जाते. ज्यानं पारखून घेतली त्याले मानलं."

हंसाबाईची पाठ आपोआप ताठ झाली. तिनं थोरल्याकडे पाहिलं. "ऐकलं का? म्हातारं जनावर म्हने."

"ऐकलं," उत्तमसिंग म्हणाला. तो हरल्यासारखा दिसत नव्हता. "मंग जळलं काहून, बबनभाऊ?"

"हीटर चालू राह्यले. मोटार बंद केली अन् हीटर तसेच. दाना आत शिजत बसला. घंट्या-दोन घंट्यानं असं होत नाही, दीड-दोन दिवस पाह्यजे. कोनं बंद केली होती मशीन?"

"मी त दुपारीच बैलं धुवाले गेलतो," लखीराम म्हणाला.

"हे पाहा," बबनराव बटणांच्या पाटीजवळ गेला. "हा दांडा मोटारीचा. हा लाल दिवा हीटरचा. दांडा पाडला की स्क्रू थांबते, पन लाल दिवा जळत हाय तोवर आत चूल पेटलेली समजा. इथं चूल सोडून सारे पोळ्याले गेले."

लाल दिवा.

हंसाबाईनं मान खाली घातली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आणि बिजलीबाई मुद्दाम शेडवर आल्या होत्या, कौसल्येला तांड्यावर न्यायला. संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून ते शेकतात, आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हंसाबाईनं वाटीत हळद-लोणी आणलं होतं. तीन वर्षं ही मशीन घराला खाऊ घालते, मग हिचा खांदा कोणी शेकायचा? तिनं नरसाळ्याखाली बोट फिरवलं, आवतण दिलं, आणि म्हणाली, "आता हिचं जू उतरव." कौसल्येनं दांडा पाडला. मग तिचा हात दुसऱ्या बटणाकडे गेला.

"तो दिवा काहून मालवतं?"

"याडी, हा मालवाव लागते. नाही त..."

"सनाच्या तोंडावर घरातला दिवा मालवत नाहीत. राहू दे जळत. हिलेबी वाटू दे सन हाय म्हनून."

"पन याडी, आत..."

"तुले येक सांगतलं की दोन ऐकू येते का? एसटी निघून जाईन. चाल."

कौसल्येची मान तेव्हाही तिरपी होती. कुलूप लावल्यावर ती दाराशी क्षणभर थांबली होती, आणि हंसाबाईनं तिच्या दंडाला धरून ओढलं होतं. एसटीत आर्णी येईपर्यंत सून खिडकीबाहेर बघत होती आणि आपण म्हणालो होतो, सणाला तरी तोंड नीट ठेव.

हंसाबाईनं मान वर केली. बिजलीबाई तिच्याकडेच पाहत होती. त्या संध्याकाळी हळदीची वाटी हिच्याच हातात होती. थोरल्या सुनेची नजर पाटीवर गेली, सासूवर आली, आणि मग ती सावकाश वळून गाठोडं बांधायला लागली. त्या पाठीचा अर्थ हंसाबाईला अक्षर न वाचता लागला. मी पाहिलं होतं. मी बोलणार नाही. आणि कधी काळी मला काही लागलं, तर ही गोष्ट तुम्ही विसरू नका. तीस वर्षं घर चालवणारीला घरातला सौदा ओळखायला बोली लागत नाही.

"मंग झालं," उत्तमसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "खोट मशीनीत नाही, चालवनाऱ्यात हाय. याडी, तू बोल दिला हाय. लखीराम, तुही बायको उद्यापासून वावरात. मशीनीवर मानूस ठेव, नाही त तू एकटा कर. मले तेवढा तरी एक हात होईन."

"तिनं चालू ठेवली नसन," लखीराम म्हणाला. "तिले झोपेत इचारलं तरी सांगते कोनतं बटन कायचं. कौसल्या, बोल ना. कोनं ठेवला दिवा?"

कौसल्येनं हातातलं उलथणं खाली ठेवलं.

"मीच ठेवला," कौसल्या म्हणाली. "घाईत होती. ध्यानात नाही राह्यलं."

"पाहा," उत्तमसिंग म्हणाला.

कौसल्येनं ते सरळ म्हटलं होतं, डोळे न भरता, उपकार केल्याचा आव न आणता. चिंधी घडी करून स्क्रूवर ठेवली, बाळाच्या अंगावर घालावी तशी, आणि उठली.

हंसाबाईला संताप आला. तो पश्चात्ताप नव्हता. पश्चात्ताप तिला फारसा ओळखीचा नव्हता. सासरा वारला तेव्हा तिनं कोणाचा आधार मागितला नाही, नवरा वारला तेव्हा दिराचं धान्य परत पाठवलं. आणि आज दोन सुना तिला झाकत होत्या. एक पाठ फिरवून, एक पुढं उभी राहून. पासष्टीच्या बाईला दोन पोरींनी पदराखाली घ्यावं. उद्यापासून एकीपुढं आवाज लावताना विचार करावा लागणार, दुसरी वावरात वाकलेली दिसली की नजर फिरवावी लागणार. आपल्याच घरात मिंधं होऊन बसायचं, तेही एका लाल दिव्यापायी.

गप्प राहणं सोपं होतं. चार वाजता नेरवाला रिकामा परत गेला असता, मशीन राहिली असती, तिची पारख खरी ठरली असती, बोलही पाळला गेला असता. सगळं तिच्या मनासारखं. फक्त ही पोरगी गेली असती.

"बबनराव," ती म्हणाली, "तुमी म्हनले, पारखून घेनाऱ्याले मानलं. मशीन म्या घेतली होती. अन् दिवाबी म्याच ठेवाले लावला."

बिजलीबाईचे हात गाठीवर थांबले.

"तिनं दोनदा तोंड उघडलं. म्या दोनदा बंद केलं. सन हाय, दिवा मालवू नोको म्हटलं. बिजली, तू होती तिथं. होती का नाही?"

"होती याडी," बिजलीबाई म्हणाली. "मी सांगनार नव्हती."

"ते मले समजलं. म्हनूनच मी सांगून राह्यली."

उत्तमसिंगनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "याडी, जाऊ दे. बोल काय, रागाच्या भरात निघून जाते. इथल्या इथं..."

"जाऊ कायले दे? तांड्यात म्या लोकायचे बोल पाळून घेतले, अन् माहा सोडू? खोट ज्याची, तो तांड्यावर. तुले एक हात पाह्यजे होता ना? मी येईन. कंबर वाकत नाही माही, पन बसून निंदता येते. नेरवाल्याले चहा पाज अन् वापस लाव."

"तू वावरात?" लखीराम म्हणाला. "लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले म्हनाव, हंसाबाईनं मशीनीचा पोळा केला होता. दुसऱ्या कोनाच्या मशीनीनं एवढा सन पाह्यला का, ते इचारजो."

बबनराव मिशीत हसला आणि स्क्रूला तेल लावायला बसला. लखीरामही त्याच्याजवळ जाऊन बसला, पण त्याचे डोळे आईवर होते. कौसल्या होती तिथंच उभी होती. ओढणी डोक्यावरून घसरली होती आणि ती सारखी करायचं तिच्या ध्यानात नव्हतं. हंसाबाई खोक्यावरून उठली, गुडघ्यांवर हात ठेवून, कोणाची मदत न घेता. सुनेसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या जवळून तिनं तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं. दोन्ही मनगटांवर चटक्यांचे डाग होते, जुने पांढरे, नवे लाल.

"तुहीबी खोट हाय, अन् तेबी ऐकून घे," ती म्हणाली. "तुले समजत होतं, मले समजत नव्हतं, अन् तरी तू माहं ऐकलं. घरात माहं ऐकजो, सैपाकात ऐकजो, लेकरायच्या बाबतीत ऐकजो. मशीनीच्या बाबतीत याच्यापुढं माहं ऐकलं, त याद राख, तुले या शेडात उभी करनार नाही."